फितूर कोण?

छापखान्यात पस्तीस वर्षं विरामचिन्हांसकट मोठ्याने प्रुफं वाचून निवृत्त झालेल्या नानांनी कॉम्प्युटरवर डायरी लिहायला घेतली. ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून जिवलग दोस्ताकडून त्यांनी जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकून घेतलं आणि अख्खी डिस्क कुलूपबंद केली. पासवर्ड म्हणजे एक लांबलचक वाक्य होतं, आणि ते फक्त या दोघांनाच ठाऊक.

महिन्याभराने नानांपुढे चहा आदळत बायकोने विचारलं, "माझा भाऊ फुकट्या काय हो?"

शब्द थेट डायरीतला होता. नानांनी तडक दोस्ताला फोन लावला. "चाळीस वर्षांची मैत्री, आणि तूच फितूर झालास? यापुढे माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." तो बिचारा शपथा घेत राहिला, नानांनी फोन ठेवून दिला.

मग या विश्वासघाताची नोंद करायला ते कॉम्प्युटरपुढे बसले. रागाच्या भरात पासवर्ड एकदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला.



स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, 'परंतु'च्या आधीचा स्वल्पविराम म्हणायचा राहतोय तुमचा."