झीलकरी

कुलदीपनं टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवले. एक काळा डबा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. दुसरा लॅपटॉप, कोपऱ्याला चिरलेला.

"कायचं रेकॉर्डिंग करता, ताई? गान्याचं?"

"कीर्तनाचं," तृप्ती म्हणाली. "घरीच. बाबांचं."

बाबा म्हणजे कोंढ्याचे भैयाजी महाराज. ते दुकानातल्या बाकावर बसले होते. कपाळावर सकाळचा बुक्का, आणि भर उन्हाळ्यात गळ्याभोवती उपरणं घट्ट गुंडाळलेलं.

"मंग भारी मशीन कायले पायजे? आठ जीबी रॅम पुरते. सॉफ्टवेअर मी फुकटात टाकून देतो. डबा सस्ता हाये, पन त्याचा पंखा घरघर करते अन् ते सारं माइकात येते. लॅपटॉप चूप राहते, म्हनून जरा महाग हाये. एका टायमाले किती जन म्हननार?"

"पाच-सहा."

"तेवढं यात नाई जमत. एकेक जन भरा. आज महाराज, उद्या पेटीवाला, परवा मागून झील धरनारे. मंग जोडून टाकू."

भैयाजी पहिल्यांदाच बोलले. आवाज रेतीवरून ओढल्यासारखा.

"झील परवा? अन् मी आजपासून तिथंच थांबून राहू?"

कुलदीप हसला. तृप्ती हसली नाही.

"मले हे चालवायले शिकाले किती दिवस लागतीन?"

"महिना धरा."

"गुरुवारपर्यंत नाई होनार?"

"येवढी घाई काहून?"

"गुरुवारी नागपूरले घशाचं ऑपरेशन हाये. स्वरयंत्रच काढून टाकनार हायेत."

कुलदीपचा माउसवरचा हात थांबला. शनिवार होता. त्यानं माइकची वायर डब्याला जोडली आणि म्हणाला, "दोनीवर म्हनून पाहा, महाराज. जो बरा वाटंल तो घेऊन जा."

"दोनच ओळी, बाबा," तृप्ती म्हणाली. "डॉक्टरनं बोलाची बी मनाई केली हाये."

भैयाजींनी चपला काढल्या आणि ते उभे राहिले.

"बसूनच म्हना नं, महाराज."

"बसून कीर्तन नाई होत, बाप्पा."

त्यांनी डोळे मिटले. उपरणं सैल केलं. आणि त्या रेतीतून, कुठून कोण जाणे, पाणी निघालं. पद त्यांचंच, कोंढ्यात पोराटोरांनाही पाठ असलेलं.

"तुझ्या नामे चालताना..."

चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच उभं राहिलं. भैयाजी अर्ध्यावर थांबले आणि डावा हात मागं केला. कीर्तनात तिथं महाराज थांबतात, आणि मागं उभा असलेला झीलकरी उरलेला अर्धा चरण उचलतो. इथं तो म्हणजे 'वाट सरली कळेना'. चाळीस वर्षं तो त्यांच्या झीलकऱ्यानं, डोमानं, उचलला होता. डोमा मागच्या कार्तिकात गेला, हे त्या हाताला अजून ठाऊक नव्हतं.

मागं कोणी नव्हतं. जेवढा वेळ डोमाला लागायचा, तेवढा वेळ हात तसाच राहिला. मग भैयाजींनी पुढचा चरण घेतला.

"एक नंबर," कुलदीप हळूच म्हणाला. "आता यावर." त्यानं माइक लॅपटॉपला लावला.

"तुझ्या नामे चाल..."

आवाज तुटला. भैयाजींनी खाकरून पाहिलं. तृप्तीनं बाटली पुढं केली, ते दोन घोट प्याले, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिसऱ्यांदा तीही आली नाही. ते गळ्याला हात लावून उभे राहिले. अंधारात घराचं कुलूप चाचपतात, तसा तो हात गळ्यावर फिरत होता.

"प्रवासानं बसला असंल," कुलदीप म्हणाला. "घरी गेल्यावर येईल."

आवाज कोणत्याही दिवशी जाईल, हे डॉक्टरांनी तृप्तीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. गुरुवारपर्यंत तरी राहील, असं तिचं तिनंच धरलं होतं.

काहीतरी करायचं म्हणून कुलदीप डब्याकडं वळला. "ते मघाचं टेस्टिंग होतं. काढून टाकू?"

"हात नोका लावू," तृप्ती म्हणाली.

तो मागं सरला. तृप्तीनं शोधून शोधून बटन दाबलं. तुझ्या नामे चालताना. मग पडद्यावरची आवाजाची रेघ जवळजवळ सपाट झाली आणि पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग पुढचा चरण.

"हे घरघर नाई निघत का?"

"पुरी नाई निघत, ताई. जास्त काढली तं महाराजांचा आवाजच कापल्या जाते. मधातली खाली जागा तेवढी काटून देतो. दोनी चरन जोडून जातीन."

भैयाजींनी नाही म्हणून मान हलवली. ते वाकले आणि काळ्या डब्याला कान लावून उभे राहिले, पोथीवाचनात मागच्या रांगेतला म्हातारा उभा राहतो तसे. मग त्यांनी तृप्तीला जवळ ओढलं. कुजबुज इतकी बारीक की तिला त्यांच्या ओठांपाशी कान न्यावा लागला.

"जागा नोको काटू. हा डबा धरून राहिला नं झील."

तृप्तीनं पदरानं तोंड पुसलं. "डबाच बांधून द्या," ती म्हणाली. "थांबा. एकडाव अजून लावू द्या."

चरण अर्ध्यावर थांबला. भैयाजींचे ओठ हलले, 'वाट सरली कळेना' म्हणायला लागतो तेवढा वेळ हलले. डबा घरघरत राहिला.