शेवटचं पान

वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी मी आणि माझ्या धाकट्या जावेने 'माणूस आणि यंत्र' या विषयावर हाताने चित्रपुस्तिका केल्या. माझी रेघ न् रेघ जागच्या जागी, तिची साधी शिवणसुद्धा वाकडी. तरी सगळी गर्दी तिच्याच टेबलाशी! माझा नुसता जळफळाट.

"शेवटचं पान तर कमाल," परीक्षक म्हणाले. "कोऱ्या पानावर फक्त निळ्या शाईचा अंगठा! यंत्राच्या बापाला सुचणार नाही हे." आणि पहिलं बक्षीस तिलाच.

"ताई, हा ठसा माझा नाही हो," जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली.

"असू दे, घे बक्षीस," मी म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या. काल खोट शोधायला तिची पुस्तिका गुपचूप चाळली, तेव्हापासून निळाच राहिलेला अंगठा मी मुठीत दडवून उभी होते.