तस्नीमचा वाटा

तस्नीमने माफी मागितली ती मोबाईलवर, आणि तीही सगळ्या खानदानाकडे एकदम. 'मक्केला, उमऱ्याला चाललोय. बोललंचाललं, जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल तर दिलसे माफ करा.' खाली दोन जोडलेले हात आणि एक गुलाब. ज्या जावेने आपली चूल विझवली, तिने एक गुलाब चिकटवून सुटायचं? रत्नागिरीपासून दोह्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांनी 'माफ, माफ' करून टाकलं. त्यांचं काय गेलं होतं! रुकैयाने मोबाईल पालथा घातला.

"दारात येईल," ती नवऱ्याला, अबूबकरला म्हणाली. "यावंच लागेल. ज्याचं वाईट केलं त्याने माफ केल्याशिवाय वरचाही करत नाही. येऊ दे. रिकाम्या हाती पाठवते."

वर्षापूर्वीपर्यंत दोह्यातल्या अल नस्रच्या या फ्लॅटमधून रोज जेवणाचे डबे निघायचे. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पातली कोकणची पोरं रुकैयाच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण खाऊन झोपायची. हाताखाली तस्नीम. एकदा पाहुण्यांसमोर रुकैया म्हणाली, "हिची भाकरी कुऱ्हाडीने तोडावी लागते." सगळे हसले. तस्नीमही हसली. आणि आठवड्याच्या आत कॅम्पात बातमी पोचली, की भाबी तीन दिवसांचं कालवण गरम करून भरते. एकेक डबा बंद झाला. शेवटी सगळे डबे पलंगाखाली गेले, आणि आतली खोली एका केरळी जोडप्याला भाड्याने द्यावी लागली.

डबे बंद झाले, पण जाग बंद होईना. इतक्या वर्षांची सवय, अजानीआधी डोळे टक्क उघडे. मळायला उकड नाही, साफ करायला मासळी नाही. रिकामे हात घेऊन माणसाने करायचं काय? एका पहाटे रुकैयाने नवऱ्याचा मुसल्ला ओढला, जमिनीवर अंथरला आणि ती नमाजीला उभी राहिली.

अबूबकरला वाटलं, आपण अजून झोपेत आहोत. लग्न झाल्यापासून तो मागे लागला होता. "अगो, नमाज पढ. तू पढलीस तर मलाही सवाब मिळेल. जो दुसऱ्याला मुसल्ल्यावर उभं करतो, त्याचा त्या प्रत्येक नमाजीच्या पुण्यात वाटा असतो." त्यावर रुकैयाचं ठरलेलं उत्तर असायचं. "कमाई माझी आणि वाटा तुम्हाला? हंडी उतू चाललीय, सरका."

आता ती उभी होती, पण अल्लाचं नाव घ्यायला नव्हे. फिर्याद घेऊन. नमाज संपली की दोन्ही हात पसरायचे आणि तस्नीमला बद्दुआ द्यायची. तिची जीभ झडो. तिच्या तव्यावरची एकही भाकरी न करपता न उतरो. नमाज चुकीची झाली तर बद्दुआ पोचणार नाही, म्हणून कुराणातल्या विसरलेल्या आयती तिने अबूबकरकडून घोटून घेतल्या. पहाटेची पोचली नसेल तर, म्हणून दुपारचीही धरली. मग पाचही वेळा.

मधल्यामध्ये आणखी काही काही झालं. डब्यांच्या काळात उभ्याने घास गिळणारी बाई नवऱ्यासमोर बसून गरम जेवायला लागली. खोबरं कमी पडलं तरी कालवणाला नावं ठेवेनाशी झाली. केरळी बाई बाळंत झाली तेव्हा रोज सकाळी तिला पेज करून दिली. रात्री पाठ टेकली की झोप यायची. रुकैयाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं लक्ष बद्दुआवर.

उमऱ्याची बस सुटायच्या दिवशी, जुम्याच्या दुपारी, बेल वाजली. दारात तस्नीम. मागे दीर शहजाद, हातात बॅग, नजर जमिनीवर.

"भाबी, कालवण ताजं असायचं," तस्नीम बाहेरूनच म्हणाली. "मी खोटं बोलले. काल कॅम्पात जाऊन सगळ्यांसमोर तसं सांगून आले. तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं, म्हणून मेसेज टाकला. भाबी, तुम्ही माफ नाही केलंत तर मी तिथे जाऊन करू काय?"

रुकैयाने वर्षभर एक वाक्य पाजळून ठेवलं होतं. 'जा, काब्याला सात फेऱ्या मार, जशी गेलीस तशीच परत ये.' ते जिभेच्या टोकावर आलं. तेवढ्यात तिची नजर मागे गेली. आताच नमाज झालेली, मुसल्ला अजून जमिनीवर अंथरलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तस्नीमकडे बघितलं. पुन्हा मुसल्ल्याकडे.

"ऐकलंत का?" ती आत ओरडली. "तुम्ही तो वाटा सांगता, तो खरा?"

"कसला वाटा?"

"दुसऱ्याला मुसल्ल्यावर उभं करणाऱ्याचा!"

"खरा म्हणजे काय, खराच," आतून अबूबकर म्हणाला.

रुकैयाने कपाळावर हात मारून घेतला.

"ऐकलंस गो? जन्मभर हे मागे लागले, मी उठले नाही. उठले ती तुझ्या नावाने. म्हणजे वर्षभर बद्दुआ देत होते मी, आणि सवाब पडत होता तुझ्या पदरात, मेल्ये! आता खलास. ते कुऱ्हाडीचं मी बोलले, ते तू सोड. भाकरी चिरफळायची तुझी, पण कुऱ्हाड नको होती. आणि तुझं मी सोडलं. माफ केलं, जा. उद्या पहाटे रुकैया उठेल ती तिच्या अल्लासाठी, त्यात तुझा दाणाभरही वाटा नाही!"