चौदा क्लिपा

"ही पण नाही जमली, वहिनी." स्प्रिंगवाल्याने क्लिप उजेडात धरून पाहिली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. "उद्या या."

तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा. सहाला नणंद निघायची. त्याआधी घरी पोचायला हवं होतं.

"अहो भाऊ, पंधरा दिवसांत चारच झाल्या. चौदा लागतात."

"जुन्या गाडीचं काम आहे. घाई केली तर पट्टी भर रस्त्यात गळून पडेल आणि शिव्या मला खाव्या लागतील."

तिचा नवरा सात महिने अंथरुणाला खिळून होता. उठवून बसवायलाही दोन माणसं लागायची. तरी एके दिवशी त्याने उशीखालच्या डबीतून एक गंजकी क्लिप काढून तिच्या हातावर ठेवली. गाडीच्या दारावरची चकचकीत पट्टी धरून ठेवणारी, नखाएवढी. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली ती याच गाडीतून. तो आजारी पडल्यावर ती गाडी आपल्या भावाच्या शेडमध्ये हलवल्याचं तिने त्याला सांगितलं होतं.

"बाजारात मिळत नाहीत आता. करूनच घ्याव्या लागतील," तो म्हणाला.

"आत्ता गाडीचं कसलं सुचतंय तुम्हाला? मी इथून हलणार नाही."

"माझ्या उशाशी बसून काय अंडी उबवणार आहेस? चार ते सहा ताई बसेल. तू स्प्रिंगवाल्याकडे जा."

ती जाऊ लागली. पहिले दोन दिवस नुसती स्टुलावर बसून राहिली, जीव सगळा घरी. तिसऱ्या दिवशी स्प्रिंगवाल्याने तिच्या हातात पक्कडच दिली. पोलादाची पातळ पत्ती कापायची, दोन्ही टोकं आत वळवायची, लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवायची. मग पुन्हा हलक्या आचेवर धरायची. निळी झाली की झाली. नाहीतर काचेसारखी मोडायची. कितीतरी मोडल्या.

पहिली धड क्लिप तिने घरी आणून दाखवली. नवऱ्याने ती अंगठ्याने दाबून पाहिली.

"पट्टीवर लावून पाहिलीस?"

"पाहिली." ती औषधाच्या बाटलीचं झाकण पिळत राहिली. "घट्ट बसली."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. "बोटं भाजलेली दिसतात."

"थोडी."

"भाजू देत. बाकीच्याही तूच कर."

अकरावी क्लिप झाली त्या आठवड्यात तो गेला. सकाळी, तिने चहाचा चमचा ओठाला लावला तेव्हा.

माणसं आली, चार दिवस राहिली, पांगली. नणंदही आपल्या घरी गेली. घर इतकं गप्प झालं की तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाजही नकोसा वाटायचा. जेवणाचं ताट वाढून घ्यायची आणि तसंच झाकून ठेवायची. दोनदा तिने सवयीने दोन कप चहा टाकला.

तीन आठवड्यांनी एका दुपारी चपला पायात सरकवून ती बाहेर पडली. आपण कुठे निघालोय हे तिला दुकानाशी पोचल्यावर कळलं.

स्प्रिंगवाल्याने स्टूल पुसून पुढे केलं. ती रोज येऊ लागली. दोन आठवड्यांनी शेवटची क्लिप तेलातून निघाली.

"झाल्या चौदा," तो म्हणाला.

तिचा बांध फुटला.

"गाडीच नाहीये, भाऊ. औषधपाण्यासाठी केव्हाच विकली. भावाकडे ठेवलीय म्हणून यांना सांगत राहिले. शेवटच्या दिवसापर्यंत खोटं बोलले मी त्यांच्याशी."

स्प्रिंगवाल्याने चिमटा खाली ठेवला.

"त्यांना माहीत होतं, वहिनी. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी ताईंनी त्यांना फोन लावून दिला होता. म्हणाले, गाडी विकल्याचं मला ठाऊक आहे, पण तिला कळू देऊ नका. क्लिपा लांबवता येतील तेवढ्या लांबवा. मी गेल्यावर, चार वाजले की तिला कुठेतरी जाता आलं पाहिजे."