अप्पांच्या बुलेटचा ब्रेक

मागच्या चाकात डिस्क होती.

अप्पांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. ड्रम गेला होता, ब्रेकचा लांब रॉड गेला होता. त्या जागी भोकाभोकांची चकचकीत तबकडी आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर.

"ह्ये काय केलंस?"

शाहूपुरीतल्या धम्मपालच्या गॅरेजात सकाळचे साडेदहा झाले होते. तो दारातच उभा होता, अप्पा रिक्षातून उतरायच्या आधीपासून. त्यानं हात पुसले आणि खुर्ची पुढं सरकवली.

"बसा अप्पा. च्या सांगतो."

"च्याला लाव आग. टाकी रंगवायला म्हणून गाडी दिलती तुझ्याकडं. ब्रेकला हात लावायला कुणी सांगितलं?"

धम्मपालनं खुर्चीवरची धूळ फडक्यानं झटकली.

ती गाडी म्हणजे अप्पांचा जीव. चौसष्ट सालची बुलेट. भंगारातून नुसता सांगाडा आणला होता. टाकी त्यांनी पत्रा ठोकून स्वतः केली, हँडल स्वतः वाकवलं, सीटची चौकट स्वतः जोडली. अकरा वर्षं लागली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक तिच्याभोवती गोळा व्हायचे आणि अप्पा लांब उभं राहून ऐकायचे. धम्मपाल तेव्हा त्यांच्या हाताखाली होता. डिस्क बसवू या म्हणून तोच टुमणं लावायचा. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "जुन्या गाडीला जुना ब्रेक. मी असेपतोर तर न्हाईच."

आता अप्पा आपलं गॅरेज बंद करून घरी बसले होते, आणि यानं डाव साधला होता.

ते गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. राग होताच, पण डोळे कामाकडं गेले. कॅलिपर धरणारं ब्रॅकेट जाड पट्टीतून कापलेलं होतं. कडा कानस मारून अशा गोल केलेल्या की बोट फिरवावं तर कुठं अडू नये. त्यांनी चाक हातानं फिरवलं आणि पेडल दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं.

काम चोख होतं. म्हणून तर जास्तच झोंबलं.

"कडा मारायची ही रीत माझी हाय," ते उठत म्हणाले. "माझीच विद्या, माझ्याच गाडीवर, माझ्या माघारी. लाज न्हाई वाटली?"

"चुकलं अप्पा."

"चुकलं? सतरा वर्षं शिकवलं तुला. पोटच्या पोराला कधी ह्या गाडीची किल्ली दिली न्हाई, ती तुला दिली."

"व्हय."

"मग एकदा इचारावं वाटलं न्हाई? मेलोय का मी?"

बाहेर थांबलेली दोन गिऱ्हाइकं उगीचच रस्त्याकडं बघू लागली. धम्मपाल पन्नाशीला आला होता, कानशिलं पांढरी झाली होती. तरी मान खाली घालून उभा होता.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता. माझा ड्रम बसव."

"काढतो की."

ड्रम शोधावा लागला नाही. कापडात गुंडाळून बाकावर ठेवलेला होता, शेजारी रॉड. अप्पांना तेही खुपलं. म्हणजे आपण चिडणार हे याला ठाऊक होतं. ठाऊक असून केलं.

धम्मपालचा फोन वाजला. "व्हय वहिनी, पोचलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "हायत माझ्याजवळ. काळजी करू नका."

"भैरवी न्हवं?" अप्पांनी विचारलं. भैरवी त्यांची सून. "तिलाबी सामील करून घेतलंस व्हय?"

धम्मपालनं फोन खिशात टाकला, चाकापाशी बसला आणि कॅलिपरच्या बोल्टला पाना लावला.

"ऐक," अप्पा म्हणाले. "ड्रम बसला की गाडी घेऊन जाणार मी. परत तुझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई. तूबी माझ्या दारात यायचं न्हाई. आणि कुणाच्या हाताखाली शिकलास म्हणून कुणी इचारलं, तर माझं नाव सांगायचं न्हाई."

पाना क्षणभर थांबला.

"बरं," धम्मपाल म्हणाला.

अप्पांनी तोंड फिरवलं. बायको गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, पण डोकं टेकलं होतं ते याच माणसाच्या खांद्यावर. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बाहीला पुसलं.

तेवढ्यात काखेत हेल्मेट मारून राजवीर आत आला. कागलचा हा तरणा गडी जुन्या गाड्यांमागं वेडा होता. अप्पांना बघताच तो वाकून पाया पडला.

"बरं झालं गाठ पडली, अप्पा! तुमचा व्हिडिओ लई चाललाय की. पार पुण्या-बेंगलोरातनं फोन यायला लागलेत मला."

"कसला व्हिडिओ?"

"राजवीर, ऱ्हाऊ दे ते." धम्मपाल पाना टाकून उठला. "आत ये, तुझ्या गाडीचं बघू."

"अवं, एक मिनिट की. गेल्या महिन्यात मी हितंच काढलेला. अप्पांनी बघितला नसंल अजून."

त्यानं मोबाईल अप्पांच्या पुढं धरला.

पडद्यावर हेच गॅरेज होतं, हीच गाडी. बुटक्या स्टुलावर एक म्हातारा पाठमोरा बसला होता. शिकंज्यात ब्रॅकेट आवळलेलं, हातात कानस. दोन-चार हात मारून त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि हसत मागं वळून बघितलं.

चेहरा अप्पांचा होता.

"पायात जोर न्हाई राहिला आता, म्हणून डिस्क," पडद्यावरचे अप्पा खणखणीत आवाजात सांगत होते. "आधी ह्यो धम्मपालच माझ्या मागं लागायचा. आता नको म्हणतोय. उद्या इसरून माझ्यावरच चिडशीला म्हणतोय! म्हटलं, सरक बाजूला. ह्यो ब्रेक मी माझ्या हातानं बसवणार."