दादाची पाळी

जमिनीखालच्या वसाहतीत ऊन यायचं ते एकाच झरोक्यातून. घरटी वीस मिनिटं, आणि तेही एका वेळी एकाच पोराला पुरेल एवढं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. "हिचं ड जीवनसत्त्व नावापुरतंच आहे. आणि कोलेस्टेरॉल बघा, पन्नाशीतल्या माणसासारखं! उन्हात पाठवता ना हिला?"

"रोज पाठवते हो," हेमांगी कळवळून म्हणाली आणि तिने लेकीकडे पाहिलं.

"मी बाजूला सावलीत बसते," शाल्मली म्हणाली. "तूच सांगितलंयस ना, आधी दादाला बसू दे."

दादाची हाडं ठिसूळ झाली होती तेव्हा हेमांगीनेच तसं बजावलं होतं. तो जाऊन वर्ष झालं होतं.

"अगं, मग तू कधी बसतेस?"

"दादा उठतच नाही, आई."