लसूणघासाचा तुकडा

ट्रॅक्टर बांधावर येऊन थांबला तशी वैभवीनं लसूणघासाच्या तुकड्याकडे हात केला. नांगर इथूनच सुरू कर, असं ती ड्रायव्हरला सांगत होती, तेवढ्यात तिचे सासरे रुपराव सरळ चाकापुढे जाऊन बसले.

तिला राग आला. घासाचं हे चौथं वर्ष. आधी त्यानं भरभरून दिलं होतं. फुलावर आला की कापायचा, बुडाशी दोन-तीन बोटं राखायची, पाणी सोडायचं. महिन्याभरात पुन्हा हिरवागार. कोराडीच्या वीजकेंद्राची राख पानांवर बसायची, ती धुऊन वैभवी गाईंपुढे टाकायची. त्याच गाईंच्या दुधावर तिची लेक भैरवी वाढत होती. पण आता तुकडा विरळ झाला होता. पिवळी अमरवेल घासाला विळखे घालून त्याला पिऊन टाकत होती. इथं मका पेरायचा, हे घरात कधीचं बोलून झालं होतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. जितेंद्र नेहमीसारखा बांधावरच उभा होता. या तुकड्यात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. कापणं तिच्याच वाट्याला. आळस आहे, असंच ती समजत आली होती.

"मामाजी, काहून अडवून राहिले तुम्ही?"

रुपराव मातीकडे पाहत होते.

"ह्या घासाले तीन-चार वर्ष नांगर लागत नाही," ते म्हणाले. "म्हणूनच तं पेरला होता."

वैभवीला आधी काहीच कळलं नाही. मग घास पेरला त्या वर्षीचा दवाखाना आठवला. तिचा पहिला मुलगा, एका दिवसाचा होऊन गेलेला. ती खाटेवरून उठू शकत नव्हती. सासऱ्यांनीच बाळाला फडक्यात गुंडाळून नेलं. कोलार नदीच्या काठी पुरलं, असं तिला सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून बस कोलारच्या पुलावर आली की ती हात जोडत असे.

जितेंद्रची मान खाली गेली होती. तिनं ड्रायव्हरला परत जायची खूण केली. चपला काढून ती घासाच्या कडेला आली आणि तिथंच थांबली. पाऊल कुठं ठेवावं, तिला समजेना.

"कुठं, मामाजी?"

"तू रोज येऊन बसशील, म्हणून सगळ्या तुकड्यात सारखा पेरला, पोरी. तुले जागा समजू नये." त्यांनी घासावरून हात फिरवला. "आता मलेही समजत नाही."